कुत्रा व्हाइस प्रेसिडेंट झाला, त्याचं काय?

गेल्या अंकात मी 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या 'होमर्स एनिमी' या एका भागावर लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. कार्टूनवर लोक इतके तावातावाने भांडतील असं संपादकांना वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं. हा भाग ४ मे १९९७ला फॉक्स वाहिनीवर लागला, तेव्हापासून जगभरचे चाहते त्यावर भांडतच आहेत. आपण उशिरा आलो, एवढंच.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. स्प्रिंगफील्डच्या अणुवीज केंद्रात फ्रँक ग्राइम्स नावाचा माणूस रुजू होतो. चार वर्षांचा असताना आईबापांनी टाकलेला, ऐन अठराव्या वाढदिवशी स्फोटात सापडलेला, नव्याने ऐकायला शिकलेला, पोस्टाने धडे मागवून अणुभौतिकीची पदविका मिळवलेला. त्याची कहाणी टीव्हीवर पाहून केंद्राचे मालक मिस्टर बर्न्स गहिवरतात. याला आपला एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट करायचा, असं ठरवतात. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एका शूर कुत्र्याची बातमी लागते, बर्न्स पुन्हा गहिवरतात, खुर्ची कुत्र्याला मिळते आणि ग्राइम्सची रवानगी होते सेक्टर ७-जीमध्ये, होमर सिम्प्सनच्या शेजारी. होमर म्हणजे मालिकेचा नायक आणि तिथला सेफ्टी इन्स्पेक्टर. तो कामावर झोपतो, ग्राइम्सचा पथ्याचा डबा खातो, त्याचं नाव छापलेल्या पेन्सिली चघळतो, त्याला लाडाने 'ग्राइमी' म्हणतो. आणि अख्खं खातं होमरवर खूश. ग्राइम्स धुमसत राहतो. होमरची फजिती व्हावी म्हणून त्याला शाळकरी मुलांच्या स्पर्धेत उतरवतो, तर होमर तीही जिंकतो. मग ग्राइम्सचं डोकं फिरतं. होमरची नक्कल करत तो केंद्रभर धिंगाणा घालतो आणि हातमोजे न घालता उच्च दाबाच्या तारा धरतो. त्याच्या दफनाच्या वेळी होमर झोपेत बरळतो, जमलेले सगळे हसतात आणि भाग संपतो.

मी लिहिलं होतं की या मालिकेतला हा सर्वांत चांगला भाग, आणि ग्राइम्सच्या मरणाचं खापर होमरवर फोडता येत नाही. दुसऱ्या वाक्याने घोळ केला.

"तुम्ही होमरची बाजू घेताच कशी? मी डोंबिवलीहून रोज लोकलने जाऊन बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. माझ्या शेजारच्या टेबलावर असाच एक होमर होता. तो आज माझा साहेब आहे. ग्राइम्स मेला तेव्हा मला हसू आलं नाही." (एक वाचक, डोंबिवली)

हसू मलाही आलं नाही. पण बाजू घेण्याआधी जरा हिशेब मांडू, तुम्ही तर हिशेबातलेच आहात.

भागाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. होमर चालता चालता एक चंचुपात्र उचलून तोंडाला लावायला जातो. त्यात सल्फ्युरिक ॲसिड आहे. ग्राइम्स धावतो, ते त्याच्या हातातून उडवतो, ॲसिड भिंतीवर पडतं, भिंत विरघळते. नेमके त्याच वेळी बर्न्स येतात. त्यांना दिसते ती भिंत. माणूस वाचला हे दिसत नाही. ग्राइम्स जीव तोडून सांगायचा प्रयत्न करतो, आणि शेवटी नोकरी राहते पण पगार कापला जातो.

आता सांगा, यात होमरने काय केलं? बावळटपणा केला, कबूल. पण पगार कोणी कापला? खुर्ची कुत्र्याला कोणी दिली? मुलांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस होमरला कोणी दिलं? तिन्ही ठिकाणी सही एकाच माणसाची आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही आपली म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही. पण भांडण चालतं होमर विरुद्ध ग्राइम्स. चाहत्यांचे दोन तट पडतात, एक 'बिचारा ग्राइम्स'वाला, दुसरा 'बिचारा होमर'वाला, आणि ज्याने आंधळेपणाने दळलं तो म्हातारा दोन्ही तटांच्या मधून निवांत निघून जातो.

ग्राइम्सचंही तेच झालं, म्हणून मी त्याच्या बाजूनेही पूर्ण उभा राहत नाही. बर्न्सवर तो एकदाही चिडत नाही. वरच्याने पगार कापला की शेजारच्या टेबलावर राग काढायचा, ही रीत मी जवळून पाहिली आहे. लोटे-परशुरामच्या एका रसायनाच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो, तिथल्या लॅबमध्ये एक केमिस्ट होते. त्यांच्या पाण्याच्या पेल्यावर नाव कोरलेलं, कात्रीला दोरा बांधून ती टेबलाला अडकवलेली, डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर आद्याक्षरं. रीडिंग कधी चुकलं नाही. बढती दुसऱ्याला मिळाली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत ते त्या दुसऱ्याशी बोलले नाहीत. बढतीच्या यादीवर सही करणाऱ्याला मात्र दर दिवाळीला फराळ पोचवत राहिले. तुमचा साहेब झालेल्या होमरची बढती कोणी केली, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

"तुम्ही म्हणता होमर निरागस. पण चाहत्यांमध्ये सर्रास म्हटलं जातं की या भागापासून होमर बिघडला. आधी तो वेंधळा पण प्रेमळ बाप होता, पुढे तो नुसता उर्मट आणि दुसऱ्याला त्रास देणारा झाला. हा भाग त्या ऱ्हासाची सुरुवात नाही का?" (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

होमर पुढे बिघडला हे मान्य. नंतरच्या अनेक वर्षांतले भाग मी अर्ध्यात सोडले आहेत. पण त्याचा आरोप या भागावर ठेवू नका. इथे होमर एकही गोष्ट दुष्टपणे करत नाही. उलट ग्राइम्स जेव्हा 'मी तुझा शत्रू आहे' असं तोंडावर सांगतो, तेव्हा होमर बेचैन होतो. दारूच्या गुत्त्यावर जाऊन मो नावाच्या मालकाला विचारतो, आता काय करू? मो सल्ला देतो, घरी जेवायला बोलव, शत्रूचा मित्र कर, आणि तो गाफील असताना डोळ्यात काटा खुपस. होमर विचारतो, काटा न खुपसता जमेल का?

या एका प्रश्नात होमर आहे. तो खरंच जेवायला बोलावतो, लॉब्स्टर करायला लावतो, पोरांना चांगले कपडे घालून उभं करतो. एखाद्या मालवणी घरात पाहुण्यासाठी सुरमई आणावी तसा थाट. मग त्याची बायको मार्ज समजावते की ग्राइम्सला तुझ्या कामचुकारपणाचा राग आहे, तर दुसऱ्या दिवशी तो शहाण्यासारखं काम करायचाही प्रयत्न करतो. प्रयत्न हास्यास्पद आहे, पण खोटा नाही. त्याने ग्राइम्सला दुखवलं ते प्रेम करायला जाऊन. उर्मट माणसाने दुखवलं असतं तर ग्राइम्स चार शिव्या देऊन मोकळा झाला असता.

हा भाग लिहिला जॉन स्वार्ट्झवेल्डर यांनी. मालिकेचे एकोणसाठ भाग त्यांच्या नावावर आहेत, दुसऱ्या कुणाही लेखकाहून जास्त. हा माणूस मुलाखती देत नाही म्हणून प्रसिद्ध. २०२१मध्ये 'द न्यू यॉर्कर'ला दिली तेव्हा चाहत्यांनी दिवाळी साजरी केली. त्यात त्यांनी सांगितलं की होमर लिहिताना ते त्याला बोलणारा मोठा कुत्रा समजतात. क्षणात जगातला सर्वांत दुःखी, क्षणात सर्वांत सुखी. ते वाचल्यावर मी हा भाग पुन्हा लावला आणि मिस्टर बर्न्सच्या दालनातल्या त्या खुर्चीवरच्या कुत्र्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. ग्राइम्सला एकाच आठवड्यात दोन कुत्र्यांनी मागे टाकलं. एकाला बोलता येत होतं.

आणि ग्राइम्सबद्दल स्वार्ट्झवेल्डर काय म्हणाले माहीत आहे? त्याला आमचा होमर पसंत नव्हता, तो सबंध भागभर मागतच होता, मिळालं. असा अर्थ. म्हणजे लिहिणारा सरळ होमरच्या तटात. लेखकाशी मी सहमत नाही. पण त्याने लिहिलेलं त्याच्या मतापेक्षा मोठं झालं आहे, त्याला तो तरी काय करणार.

"या मालिकेतला दुकानदार अपू या भागात का नाही? आणि त्याच्यावरून झालेल्या वादाबद्दल तुमचं मत काय?" (एक वाचक, वाशी)

अपूचं या गोष्टीत काम नाही. एक धागा मात्र आहे. ग्राइम्सला आवाज दिला हँक अझेरिया यांनी, आणि अपूचा आवाजही बरीच वर्षं त्यांचाच. गोऱ्या नटाने भारतीय माणसाची नक्कल करण्यावर हरी कोंडाबोलू यांनी २०१७मध्ये माहितीपट काढला आणि २०२०मध्ये अझेरिया यांनी तो आवाज द्यायचं थांबवलं. बरं झालं. गंमत अशी की काटा खुपसायला सांगणारा मोसुद्धा त्यांचाच आवाज, आणि ग्राइम्सला 'जाऊ दे रे' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांतला कार्लही तेव्हा त्यांचाच. ग्राइम्ससाठी त्यांनी विल्यम एच. मेसी या नटाची ढब डोळ्यांसमोर ठेवली होती. दातांवर दात ठेवून सभ्यपणे बोलणारा माणूस कसा बोलतो, ते ऐका. अपमान गिळताना आवाज वर जात नाही, बारीक होतो.

"मी न्यू जर्सीत असते. इथल्या माझ्या सहकाऱ्यांच्या मते हा भाग पहिल्यांदा लागला तेव्हा लोकांना आवडला नव्हता. आज मात्र सर्वोत्तम भागांच्या याद्यांत तो असतो. मधल्या काळात काय बदललं?" (एक वाचिका, न्यू जर्सी)

तुमचे सहकारी बरोबर सांगतात. त्या वेळी मालिकेची सूत्रं बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन या जोडीकडे होती. त्यांचा विचार साधा होता: होमरच्या जगात खऱ्या जगातला एक माणूस सोडला तर काय होईल? पहिल्या प्रेक्षकांतल्या अनेकांना तो प्रयोग फार काळा वाटला, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे.

त्या हंगामाची हवाही लक्षात घ्या. १९९७च्या फेब्रुवारीत 'सिम्प्सन्स'ने 'द फ्लिंटस्टोन्स'चा विक्रम मोडला होता, रात्रीच्या मुख्य वेळेत सर्वाधिक भाग दाखवलेली कार्टून मालिका म्हणून. आणि विक्रमाचा तो भाग त्यांनी खर्च केला कशावर, तर कुरकुरणाऱ्या चाहत्यांची टर उडवण्यावर! त्यात कॉमिक्सचं दुकान चालवणारा जाड्या आपल्या आवडत्या कार्टूनचा नवा भाग पाहून म्हणतो, आजवरचा सर्वांत वाईट भाग. लिहिणाऱ्यांना कळलं होतं की मालिका म्हातारी होते आहे आणि प्रेक्षक हिशेब मागू लागला आहे. अशा वेळी बहुतेक लोक जुनं नाणं चालवतात. यांनी ग्राइम्सला आणलं, जो आठ वर्षं आपण ज्याला हसलो ते सगळं पाहून विचारतो, अरे, हे चालतंच कसं?

घर दाखवायचा प्रसंग पाहा. होमर भिंतीवरचे फोटो दाखवतो. हा मी माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याबरोबर. हा मी रॉक बँडबरोबर दौऱ्यावर. हा मी अंतराळात. अंतराळात! तुम्ही कधी गेला नाहीत? ग्राइम्स दिङ्मूढ. कपाटात ग्रॅमी पुरस्कार. हे सगळं आधीच्या भागांत खरोखर घडून गेलेलं आहे, आपण ते पाहून हसून विसरलोही आहोत. पहिल्यांदाच कोणीतरी ते एका दमात मोजलं. आणि मोजणारा राहतो एका खोलीत, जिच्या खाली बोलिंगचा हॉल आहे आणि वरही बोलिंगचा हॉल आहे.

मग बदललं काय? माझा अंदाज सांगतो. १९९७ला जे पंधरा-सोळा वर्षांचे होते त्यांना ग्राइम्स म्हणजे आपल्या लाडक्या होमरवर ओरडणारा चिडका मास्तर वाटला. पुढे ते नोकरीला लागले. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. कंपनीच्या कॉलनीत केबलवर स्टार वर्ल्ड दिसायचं, त्यावर ही मालिका लागायची. तेव्हा तो ग्राइम्सच्या मरणावर गडाबडा लोळून हसला होता. परवा हिंजवडीहून फोन आला, "बाबा, तो ग्राइमीवाला भाग पाहिला, जेवण गेलं नाही." अप्रेझलचा महिना होता.

"एका पगारात होमरला दुमजली घर, दोन गाड्या, तीन मुलं कशी परवडतात? ग्राइम्सचा हा प्रश्न मलाही पडला. लेखकांनी उत्तर दिलं आहे का?" (एक बँक कर्मचारी, सांगली)

या भागात नाही. होमर म्हणतो, अर्थव्यवस्था कशी चालते ते मला विचारू नका. पण चौथ्या हंगामात, १९९२च्या, होमरची मुलगी लिसा हिच्या जन्माच्या गोष्टीत, उत्तर येऊन गेलं आहे. होमरच्या बापाने, एब सिम्प्सनने, स्वतःचं घर विकून पोराला पैसे दिले. आणि ते घर एबला मिळालं होतं पन्नासच्या दशकातल्या एका टीव्हीवरच्या बक्षिसांच्या खेळात, जो बनावट निघाला. बाकीच्यांची नावं सांगून एब सहीसलामत सुटला. पोराने नवं घर घेतलं आणि बापाला थोड्याच दिवसांत वृद्धाश्रमात पोचवलं.

म्हणजे ज्याला ग्राइम्स 'महाल' म्हणतो तो बापाच्या पैशाचा. ग्राइम्सला बापच नव्हता. लेखकांनी हे दोन धागे कुठे जोडून दाखवले नाहीत. बँकेत कर्जाचे अर्ज पाहणाऱ्याला ते दाखवावे लागू नयेत.

"मी महाडजवळच्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात नुकताच लागलो आहे. ग्राइम्सच्या अपघाताचा चौकशी अहवाल तुम्हाला लिहायला लागला असता तर काय लिहिलं असतं?" (एक वाचक, महाड)

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो.

पहिलं म्हणजे जागा. तारा उघड्या आहेत. भिंतीवर 'अति उच्च दाब' अशी पाटी आहे, ग्राइम्स ती मोठ्याने वाचतोही. पण पाटी म्हणजे सुरक्षा नव्हे, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगितलं असेल. पॅनेलला दार हवं, दार उघडलं की प्रवाह तुटेल अशी सोय हवी, समोर रबरी मॅट हवी, वर्क परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीशिवाय, तिथे कुणी फिरकता कामा नये. हातमोजे सगळ्यांत शेवटी येतात. बाकी सगळं फसलं तर हातमोजे. ग्राइम्सने हातमोजे घातले नाहीत म्हणून तो मेला, असं लिहून फाइल बंद करणारे पुष्कळ भेटतील. त्यात सगळ्यांचीच सोय असते, कारण मेलेला माणूस आपलं म्हणणं मांडत नाही.

मग आपलं नेहमीचं 'का-का' सुरू करा. तारा का धरल्या? कारण तो होमरची नक्कल करत होता. का? कारण होमरला काही होत नाही, हे त्याने पाहिलं होतं. होमरला काही का होत नाही? कारण प्रत्येक वेळी दुसरं कोणीतरी वाचवतं, आणि एकदा तर ग्राइम्सनेच वाचवलं. मग ती घटना नोंदवली गेली का? इथे थांबा. अहवालाचा जीव इथे आहे.

ॲसिडचं ते चंचुपात्र म्हणजे आपल्या भाषेत 'निअर मिस'. थोडक्यात टळलेला अपघात. (सल्फ्युरिक ॲसिडने भिंत अशी लोण्यासारखी विरघळत नाही, ते कार्टूनवाल्यांचं स्वातंत्र्य. पण ओठाला लागलं असतं तर पुढचं सांगायला नको. आणि प्यायच्या पेल्याच्या उंचीवर, टेबलाच्या कडेला, झाकण नसलेलं ॲसिड ज्याने ठेवलं त्याचं नाव सबंध भागात येत नाही, हे लक्षात आलं का?) चांगल्या कारखान्यात निअर मिस कळवणाऱ्याला शाबासकी मिळते, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला फुलं देऊन फोटो काढतात. स्प्रिंगफील्डमध्ये पगार कापला. त्या दिवसापासून त्या केंद्रात कोण कशाला काही कळवेल? माझ्या मते ग्राइम्सचा अपघात त्या दिवशीच ठरला. तारा फक्त शिल्लक होत्या.

पात्रतेचंही लिहा. आपल्याकडे २०२५मध्ये नवी संहिता लागू होईपर्यंत १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ४०-ब प्रमाणे हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा, धोक्याच्या प्रक्रिया असतील तर कामगार कमी असले तरी सरकार नेमायला लावू शकायचं, आणि त्याला पदवी-पदविकेशिवाय सुरक्षेचं वेगळं शिक्षण लागायचं. होमर अर्जाच्या पहिल्याच चाळणीत गळला असता. ग्राइम्स टिकला असता. मात्र तो चांगला सेफ्टी ऑफिसर झाला असता का, याबद्दल मला शंका आहे. या कामात ऑपरेटरबरोबर चहा प्यावा लागतो. व्हॉल्व्ह गळतो आहे हे तो तुम्हाला टपरीवर सांगतो, फॉर्मवर लिहीत नाही. आणि सगळ्या केंद्रात ज्याच्याशी माणसं मोकळेपणी बोलतात असा इसम एकच, तो कोण ते तुम्हाला माहीत आहे.

"बार्टच्या कारखान्याचं उपकथानक उगीच घुसवलं आहे असं वाटत नाही का?" (एक वाचक, अमरावती)

अनेक चाहत्यांना वाटतं. मला नाही. बार्ट म्हणजे होमरचा पोरगा. तो लिलावात एक डॉलरला मोडका कारखाना घेतो, मित्राला, मिल्हाउसला, रात्रपाळीचा पहारेकरी ठेवतो, आणि सकाळी येऊन पाहतो तर इमारत भुईसपाट. तू पहारा देत होतास ना? हो, मी बघत होतो, आधी ती कलायला लागली, मग पडली. यापेक्षा प्रामाणिक अपघात-अहवाल माझ्या टेबलावर आलेला नाही. शिवाय ग्राइम्स आयुष्यभर राबून एक खोली मिळवतो आणि हे पोरगं खिशातल्या सुट्ट्या पैशांत कारखानदार होतं, हे उगीच नाही.

"ग्राइम्सची गोष्ट पुढे वाढवली आहे का?" (एक वाचक, पणजी)

डिसेंबर २००२मध्ये त्याचा मुलगा सूड घ्यायला येतो. नाही पाहिलात तरी चालेल. ज्याला या जगात कोणी नव्हतं, तेच ज्याचं दुःख होतं, त्याला मागाहून मुलगा चिकटवायचा, हा प्रकार मला पटला नाही.

"आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. परदेशी कार्टूनवर आपल्या मासिकाने दोन-दोन अंक का घालवावेत?" (एक निवृत्त शिक्षक, वाई)

सर, एकदा पाहा आणि मग रागवा. बावीस-तेवीस मिनिटांचा आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसणारा, वह्यांना कव्हरं घालणारा, आणि सहलीला ज्याच्या शेजारी कोणी बसत नाही असा मुलगा तुम्ही पाहिला असणारच. तुम्ही त्याला शाबासकी दिलीत. सहलीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी कोण बसलं, हे कधी पाहिलंत का, एवढंच मला विचारायचं आहे.

"ही मालिका कधीच पाहिली नाही. थेट हाच भाग पाहू का?" (एक वाचिका, लातूर)

नको. ग्राइम्स चिडतो ते आठ हंगाम साठलेल्या गोष्टींवर. त्या माहीत नसतील तर तो नुसताच किरकिऱ्या वाटेल. मॅट ग्रेनिंग यांनी १९८७मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमातल्या छोट्या तुकड्यांसाठी हे कुटुंब निर्माण केलं, पूर्ण लांबीचे भाग डिसेंबर १९८९पासून. चित्रं सुरुवातीला ओबडधोबड आहेत, तिकडे दुर्लक्ष करा.

जानेवारी १९९०मधला 'होमर्स ओडिसी' आधी शोधा. त्यात होमरची नोकरी जाते, तो खचतो, मग गावातल्या धोकादायक रस्त्यांवर पाट्या लावायची मोहीम काढतो आणि बघता बघता अणुकेंद्राविरुद्ध मोर्चा नेतो. गाव त्याच्या मागे. बर्न्स खिडकीतून मोर्चा पाहतात, होमरला वर बोलावतात आणि सेफ्टी इन्स्पेक्टरची नोकरी पुढे करतात, आधीपेक्षा जास्त पगाराची. होमर क्षणभर घुटमळतो. मग घेतो. पाहून झाला की मला कळवा, त्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत. पत्राच्या पाकिटावर 'होमर' असं लिहा, म्हणजे संपादक ते पाककृतींच्या ढिगात टाकणार नाहीत.